मिडफिल्डरचं करिअर: मॉड्रिचचं उदाहरण घ्या, पण मधल्या वर्षांचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा पंधरा वर्षांचा, शाळेकडून आणि तालमीच्या (म्हणजे गल्लीतल्या मंडळाच्या) ज्युनिअर फुटबॉल संघाकडून मधल्या फळीत, मिडफिल्डला खेळतो. पायात खेळ आहे, पण अंगानं बारका. दोन निवड चाचण्यांत ‘बॉडी नाही’ म्हणून वगळला गेला. आताचे कोच म्हणतात, विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला खेळू दे. घरात मात्र जो तो क्रोएशियाचा मिडफिल्डर लुका मॉड्रिच याचं नाव घेतो. तर व्यावसायिक मिडफिल्डरचं करिअर प्रत्यक्षात असतं तरी कसं, आणि मॉड्रिचच्या उदाहरणावर किती विसंबायचं?

मी स्वतः हाफलाच, म्हणजे मधल्या फळीतच खेळलो आणि आता बरीच वर्षं कोल्हापुरात मुलांना शिकवतोय, तेव्हा जे पाहिलंय आणि जे वाचलंय ते मिळून सांगतो. मॉड्रिचचं उदाहरण जरूर घ्या. फक्त लोक त्याच्या आयुष्याचा जो भाग सांगतात, तो तुमच्या कामाचा नाही. युद्धात घर गेलं, आजोबा मारले गेले, निर्वासितांच्या हॉटेलात लहानपण गेलं, हायडुक स्प्लिट या तिथल्या मोठ्या क्लबनं ‘फार लहान आहे’ म्हणून परत पाठवलं आणि एक दिवस बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार हातात आला. सगळं खरं आहे. पण या कथेत अठरा ते पंचवीस ही वर्षं गायब असतात, आणि मिडफिल्डर घडतो तो नेमका तेव्हा.

जन्म १९८५ चा, झादारचा. हायडुकनं नाकारल्यावर दिनामो झाग्रेबनं त्याला घेतलं, पण घेतलं म्हणजे खेळवलं असं नाही. २००३ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, त्याला लोनवर, म्हणजे काही काळापुरता उसना, बोस्नियाच्या लीगमध्ये झ्रिन्स्की मोस्तार या क्लबकडे धाडलं. बोस्नियातलं युद्ध संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षं झालेली. मैदानं जड, टॅकल त्याहून जड, आणि रेफ्रींची शिट्टी खिशातच. पावणेसहा फुटांच्याही आत उंची असलेल्या पोरानं त्या हंगामात लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. त्या लीगमध्ये जो खेळू शकतो तो कुठंही खेळू शकतो, असं तो पुढे स्वतःच म्हणाला. त्यानंतरही लगेच दिनामोच्या पहिल्या संघात नाही. आधी इंटर झाप्रेशिच या छोट्या क्लबकडे आणखी एक लोन. २००५ मध्ये तो परतला तेव्हा दिनामोनं थेट दहा वर्षांचा करार केला आणि २००६ ते २००८ सलग तीन लीग जिंकल्या.

माझ्या मते त्याच्या करिअरमधलं सगळ्यात मोलाचं वर्ष मोस्तारचं आहे, पुढच्या रेयाल माद्रिदमधलं नाही. कारण सांगतो. आघाडीवीर मुलगा वयोगटाच्या स्पर्धेत गोल मारून स्वतःला दाखवू शकतो. विंगर वेगावर निभावून नेतो. शिवाय त्याच्या एका बाजूला रेष असते, तिकडून कुणी येत नाही. मिडफिल्डर भर चौकात उभा असतो, गाडी कुठूनही येते. सोळा वर्षांखालच्या सामन्यात बॉल घेऊन मान वर करून बघायला वेळ मिळतो. बाप्या माणसांत तो मिळत नाही. बॉल पायाशी येण्याआधीच पुढचा पास ठरलेला नसेल तर तो गेला म्हणून समजा. ही सवय सरावात थोडीफार लागते, पण पक्की होते ती खऱ्या सामन्यांत, मोठ्या माणसांच्या धक्क्यांत, आणि तीही आठवड्यामागून आठवडे खेळल्यावर. म्हणून अठरा ते एकवीस या वयात मोठ्या क्लबच्या बाकावर बसून फोटो काढण्यापेक्षा लहान क्लबात रोज नव्वद मिनिटं मिळणं मिडफिल्डरला फार जास्त फायद्याचं.

हे बॉल येण्याआधीचं काम जरा जवळून बघू, कारण तुमच्या मुलात बघायची गोष्ट हीच आहे. पुढच्या सामन्यात बॉलकडे बघू नका, फक्त पोराच्या मानेकडे बघा. बॉल आपल्या सेंटरबॅककडे आहे. चांगला मिडफिल्डर या वेळी एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघतो, एकदा उजव्या. पास सुटतो, बॉल वाटेत असतो, तेवढ्यात तो आणखी एक नजर टाकतो. अंग पूर्ण बॉलकडे वळलेलं नसतं. अर्धं तिरकं, असं की आपला गोल आणि समोरचा गोल दोन्ही डोळ्यांच्या टप्प्यात राहतात. बॉल तो जवळच्या पायानं घेत नाही, लांबच्या पायावर येऊ देतो. त्यामुळे पहिल्याच टचला तो पुढच्या दिशेनं वळलेला असतो आणि पाठीवर आलेला माणूस रिकाम्या जागेत धडकतो. मॉड्रिचचा अख्खा खेळ या दोन-तीन सेकंदांवर उभा आहे. गेयर योर्देत नावाच्या नॉर्वेच्या संशोधकानं इंग्लंडमधल्या मिडफिल्डरांचे सामने टिपून हेच तपासलं: जे बॉल येण्याआधी जास्त वेळा आजूबाजूला बघतात, त्यांचे पुढच्या दिशेचे पास जास्त पोहोचतात. फ्रँक लॅम्पार्ड हा त्यातला ठळक नमुना; इंग्लंडबाहेर स्पेनचा झावीही तसाच. दोघंही वेगानं कुणाला मागे टाकणारे नव्हते.

आपल्याकडची अडचण अशी की या गुणाला टाळ्या पडत नाहीत. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर एखाद्यानं दोघांना चकवलं की गॅलरी उठून उभी राहते. एका टचमध्ये बॉल सोडून पुन्हा जागा घेणाऱ्या पोराला कुणी विचारत नाही. उलट ‘अरे घेऊन जा की!’ म्हणून वरून ओरडतात. मी गॅलरीला नावं ठेवत नाही, त्या गर्दीनंच कोल्हापुरात फुटबॉल टिकवला. पण पोराच्या कानावर सतत तेच पडलं की तोही तीन-तीन टच जास्त घ्यायला लागतो. सामन्यानंतर ‘किती जणांना चकवलंस’ असं घरी विचारू नका. ‘बॉल आला तेव्हा तुझ्यामागे कोण होतं’ असं विचारा. उत्तर देता आलं तर पोरगा मिडफिल्डर आहे.

आता शरीराचा मुद्दा. चौदा-पंधराच्या वयात दोन मुलांचा जन्म एकाच वर्षातला असला तरी वाढ दोन-तीन वर्षांच्या फरकाची असू शकते. एकाला मिसरूड फुटलेलं, दुसऱ्याचा आवाजही बदललेला नाही. निवड समिती दोघांना एकाच तागडीत तोलते आणि मिसरूडवाला घेते. जगभर वयोगटांच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त सापडतात, ती याच कारणानं. आपल्याकडे त्यात वय चोरण्याची भर, म्हणून तर मनगटाच्या हाडांवरून वय तपासण्याची वेळ आली. इंग्लंडच्या अकादम्यांनी यावर एक तोड काढून पाहिली: जन्मतारखेऐवजी शारीरिक वाढीच्या टप्प्यानुसार गट करून सामने घ्यायचे. आपल्याकडे ती सोय होईल तेव्हा होईल. तोवर तुम्ही एवढंच करा की दर तीन-चार महिन्यांनी मुलाची उंची-वजन लिहून ठेवा. उंची झपाट्यानं वाढत असेल त्या काळात पाय अडखळतात, टच बिघडतो, मुलगा ‘उतरला’ असं वाटतं. तो उतरलेला नसतो. त्या सहा-आठ महिन्यांत कुणीही त्याच्याबद्दल निकाल देऊ नये, तुम्हीही नाही.

मॉड्रिचचा बारकेपणा मात्र नुसत्या जिद्दीनं झाकला गेला, असं समजू नका. इथं त्याच्या करिअरमधला दुसरा धडा आहे: शेजारी कोण खेळतो. २००८ मध्ये इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबनं त्याला १ कोटी ६५ लाख पौंडांना घेतलं. सुरुवातीला त्याला नेमकं कुठं खेळवायचं हेच कळेना. कधी आघाडीच्या मागे, कधी डावीकडे. इंग्लंडमधल्या मंडळींचं मत झालं की पोरगा हलका आहे, या लीगमध्ये टिकणार नाही. त्या ऑक्टोबरात टॉटनहॅमचे आठ सामन्यांत दोन गुण होते. हॅरी रेडनॅप कोच म्हणून आले, त्यांनी हळूहळू त्याला मध्ये आणलं आणि शेजारी ताकदीचा, बॉल हिसकावणारा माणूस दिला. आधी विल्सन पालासिओस, नंतर स्कॉट पार्कर. २००९ च्या ऑगस्टमध्ये पायाचं हाड मोडून काही महिने गेले, तरी तोच संघ त्या हंगामात चौथा येऊन चॅम्पियन्स लीगला, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेला पात्र ठरला. पुढे माद्रिदमध्ये बॉल हिसकावणारा कासेमिरो मागे उभा राहिला आणि टोनी क्रूस डावीकडे आला, तेव्हा मॉड्रिचला जे जमतं तेवढंच करायची मोकळीक मिळाली. कासेमिरो नसता तर मॉड्रिच चांगला खेळाडू राहिला असता. पण सहा चॅम्पियन्स लीग जिंकणारा झाला असता असं मला वाटत नाही.

रेयाल माद्रिदनं हे आधी एकदा चुकवून पाहिलं होतं. २००३ मध्ये त्यांनी बेकहॅमला आणलं आणि क्लॉद माकेलेलेला चेल्सीला जाऊ दिलं. माकेलेले म्हणजे बॉल हिसकावणे आणि चार मीटरवर देणे, बस्स. तो गेल्यावर माद्रिदला पुढची लीग मिळायला २००७ उजाडलं. सहा नंबरच्या, म्हणजे बचावफळीच्या पुढ्यात राहून बॉल हिसकावणाऱ्या खेळाडूची किंमत तो गेल्यावर कळते हे क्लबांना ठाऊक आहे, म्हणूनच अशा खेळाडूंची करिअर शांतपणे आणि लांब चालतात. तुमच्या मुलाला बॉल काढून घ्यायला आवडत असेल तर त्याला दहा नंबर, म्हणजे आघाडीच्या मागचा खेळाडू, व्हायच्या नादाला लावू नका. दहा नंबरची जागा आधुनिक संघांत आक्रसत चालली आहे; सहा आणि आठ नंबरला (आठ म्हणजे बचाव आणि चढाई दोन्हीकडे धावणारा) कायम मागणी आहे.

२०१२ मध्ये मॉड्रिच माद्रिदला गेला तेव्हा तो सत्ताविशीच्या उंबरठ्यावर होता. काही महिन्यांतच ‘मार्का’ या तिथल्या क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी त्याला वर्षातली सगळ्यात वाईट खरेदी ठरवलं. मार्च २०१३ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर माद्रिद मागे पडलेलं, युनायटेडच्या नानीला लाल कार्ड, आणि तेव्हा मॉड्रिच बदली म्हणून आत आला. थोड्याच वेळात त्यानं लांबून मारलेला बॉल खांबाला लागून आत गेला आणि सामना फिरला. तिथपासून पुढची यादी तुम्हाला कुठंही मिळेल: २०१४ ते २०२४ या काळात सहा चॅम्पियन्स लीग, एकूण २८ करंडक. २०१४ च्या लिस्बनच्या अंतिम सामन्यात त्र्याण्णवाव्या मिनिटाला माद्रिदच्या रामोसच्या डोक्यावर गेलेला, बरोबरीचा गोल देणारा कॉर्नर त्याचाच होता, एवढंच सांगून पुढे जातो.

२०१८ चा विश्वचषक मात्र थोडं थांबून बघण्यासारखा आहे. डेन्मार्कविरुद्ध जादा वेळेच्या ११६ व्या मिनिटाला त्याची पेनल्टी गोली कॅस्पर श्मायकेलनं अडवली. काही मिनिटांत टायब्रेकर, समोर तोच गोली, आणि हा पुन्हा बॉल घेऊन आला आणि गोल केला. पुढे रशिया टायब्रेकरवर, इंग्लंड जादा वेळेत. क्रोएशिया सलग तीन सामने १२० मिनिटं खेळून अंतिम सामन्याला आलं आणि फ्रान्सकडून ४-२ नं हरलं. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मॉड्रिच. त्याच वर्षी बॅलन डी’ओर, जो २००८ पासून दहा वर्षं मेस्सी आणि रोनाल्डोशिवाय कुणाला मिळाला नव्हता. वय तेव्हा तेहतीस. बहुतेक आघाडीवीर आणि विंगर या वयात उताराला लागलेले असतात. मिडफिल्डरचं पीक उशिरा येतं, हे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

उशिरा येतं म्हणजे आपोआप येत नाही. वय वाढलं की पाय मंदावतात, आणि ज्याला भूमिका बदलता येते तोच उरतो. आंद्रेआ पिर्लो सुरुवातीला आघाडीच्या मागे खेळायचा. २००१ मध्ये ब्रेशियात लोनवर असताना ती जागा रॉबेर्तो बाज्जोकडे होती, म्हणून कोच कार्लो माझोने यांनी पिर्लोला बचावफळीच्या पुढ्यात बसवलं. तिथून त्याला सगळं मैदान समोर दिसायला लागलं. पुढे मिलानमध्ये कोच अँचेलोत्तींनी तेच कायम केलं आणि २००६ मध्ये इटलीनं विश्वचषक जिंकला तो याच पिर्लोच्या पायांवर. बास्टियन श्वाइनस्टायगर जर्मनीच्या बायर्न म्युनिकला वर्षानुवर्षं विंगवर होता. २००९ मध्ये लुई व्हान गाल कोच म्हणून आले आणि त्यांनी त्याला मध्ये आणलं. तेव्हा कोच विंगवर खेळवतात म्हणून पोराचं मिडफिल्ड संपलं, असं अजिबात नाही. त्या मुद्द्याकडे परत येऊ.

मॉड्रिचनंही पस्तिशीनंतर धावण्याचा हिशेब बदलला. एप्रिल २०२२, चॅम्पियन्स लीगमध्ये समोर चेल्सी, माद्रिद त्या रात्री तीन गोलांनी मागे. ऐंशीव्या मिनिटाला मॉड्रिचनं उजव्या पायाच्या बाहेरच्या अंगानं बॉल बचावफळीवरून वळवून रॉद्रिगोच्या पुढ्यात टाकला आणि रॉद्रिगोनं तो तसाच आत मारला. वय छत्तीस. त्या पासला धाव लागली नाही, नजर लागली. शेवटच्या काळात माद्रिदनं त्याच्याशी एकेका वर्षाचेच करार केले, तो बदली म्हणूनही उतरला, कुरकुर न करता. २०२५ मध्ये एसी मिलानला गेला आणि चाळिशी तिथं खेळतच साजरी केली.

आता दुसरी बाजू, जी कुणी पोस्टरवर लावत नाही. जॅक विल्शर. आर्सेनलनं सोळाव्या वर्षी खेळवला, एकोणिसाव्या वर्षी त्यानं बार्सिलोनाच्या मधल्या फळीला घाम फोडला. त्या हंगामात भरमसाट सामने, आणि पुढचा अख्खा हंगाम घोट्याच्या दुखापतीत वाया. ते शरीर पुन्हा कधी पूर्ण सावरलं नाही. २०२२ मध्ये तिशीत निवृत्ती. बार्सिलोनाचा पेद्री अठराव्या वर्षी क्लब, युरो आणि ऑलिम्पिक धरून एका हंगामात सत्तरहून जास्त सामने खेळला आणि पुढची काही वर्षं मांडीचे स्नायू धरून बसला. सुदैवानं तो सावरला. मिडफिल्डर सामन्यात साधारण दहा ते बारा किलोमीटर धावतो. क्रोएशियाचाच ब्रोझोविच २०२२ च्या विश्वचषकात जपानविरुद्ध जादा वेळ धरून सोळाहून जास्त धावला. आणि हे सरळ रेषेत धावणं नव्हे, थांबणं-वळणं-पुन्हा सुटणं. गुडघे आणि घोटे यांचं बिल नंतर येतं.

मघाशी मी नियमित सामने हवेत म्हणालो ते अठरानंतरचं. पंधराव्या वर्षी उलट आहे. आपल्याकडे एकच पोरगा एका आठवड्यात शाळा, तालीम, अकादमी आणि रविवारी सेव्हन-अ-साइड असं सगळीकडे खेळतो, कारण कुणालाच नाही म्हणवत नाही. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा दुखतो, दाबला की कळ येते, अशी तक्रार या वयात नेहमीची. वाढीच्या काळात स्नायूंचा ताण हाडाच्या कोवळ्या जागेवर पडतो, त्यानं हे होतं. स्प्रे मारून उतरवू नका. डॉक्टरांना दाखवा, खेळणं कमी करा, बहुतेक वेळा ते आपोआप जातं. तालमीच्या पदाधिकाऱ्यांना वाईट वाटेल. वाटू दे.

विंगचं म्हणाल तर माझं मत कोचशी निम्मं जुळतं. बारक्या पोराला वर्षभर बाहेरच्या बाजूला खेळवणं यात वाईट काही नाही. अंग भरेपर्यंत त्याला सामने मिळतील, एकास एक खेळायची भीती जाईल. मॉड्रिचही टॉटनहॅममध्ये डावीकडे खेळलाच. अट एकच: सरावात चारास चार, पाचास पाचचे लहान खेळ होतात तेव्हा त्याला मध्येच उभा करा, असं कोचना सांगा, आणि जमलं तर फुटसाल, म्हणजे छोट्या मैदानावरचं पाच-पाच जणांचं फुटबॉल, खेळू द्या. तिथं जागा इतकी कमी असते की मान आपोआप फिरायला लागते. दोन हंगामांनंतरही तो रेषेलाच चिकटून राहायला लागला तर मात्र बोला.

भारतातलं गणित वेगळं आहे, ते न सांगता तुम्हाला सोडणं बरोबर नाही. आपल्या मोठ्या क्लबांत परदेशी खेळाडू घेतात ते बहुतेक मैदानाच्या मधल्या पट्ट्यात: सेंटरबॅक, सेंट्रल मिडफिल्डर, स्ट्रायकर. भारतीय पोराला जागा मिळते ती बाजूंना. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. तोही आघाडीचा, विंगचा खेळाडू. तरी मध्ये खेळून नाव केलेले आहेत. गोव्याचा क्लायमॅक्स लॉरेन्स धेंपो क्लबकडून वर्षानुवर्षं मधल्या फळीत राबला आणि २००८ च्या एएफसी चॅलेंज कपमध्ये अफगाणिस्तानविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी एकमेव गोल केला तो त्यानंच. लेनी रॉड्रिग्ज, ब्रँडन फर्नांडिस हेही गोव्याचेच. मिझोरमचा अपुइया वयाच्या विशीतच मुंबई सिटीच्या मधल्या फळीत पक्का झाला. या सगळ्यांना नियमित सामने लवकर मिळाले. गोव्यात ती लीग आहे, ईशान्येत आहे. महाराष्ट्रात मुंबई आणि कोल्हापूर सोडलं तर मुलाला वर्षभर स्पर्धात्मक सामने मिळणं अवघड जातं. म्हणून अकादमी निवडताना टर्फ कसं आहे ते नंतर बघा, आधी विचारा: वर्षाला किती सामने, कुणाशी, आणि माझा मुलगा त्यात किती मिनिटं?

पैशाचं म्हणाल तर इंडियन सुपर लीगचे (आयएसएल) करार चांगले असतात, पण तिथवर फार थोडे पोहोचतात, आणि पोहोचल्यावरही जमीन हलते. २०२५-२६ चा हंगाम महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला करार अडकल्यानं महिनोन्‌महिने रखडला, काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. म्हणून दहावी-बारावी सोडायची नाही. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे-पोलिसांचे संघ आहेत; प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून एका फायलीत जपून ठेवा.

कागदांचं निघालंच आहे तर नीट सांगतो, कारण पालक इथंच फसतात. फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूचा करार तीन वर्षांहून जास्त चालत नाही, मोठ्यांचा पाच; त्याहून लांब करार देशाच्या कायद्यात बसत असेल तरच. करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी बोलणी पक्की करू शकतो. अठरा पूर्ण होईपर्यंत परदेशी क्लबकडे बदली जवळजवळ बंदच आहे. अपवाद मोजके, उदाहरणार्थ आई-वडील फुटबॉलखेरीज दुसऱ्या कारणानं त्या देशात राहायला गेले असतील तर. तेव्हा ‘स्पेनमध्ये ट्रायल, क्लब तिथंच साइन करणार’ म्हणून लाखांत पैसे मागणारा भेटला तर त्याला हा नियम विचारा. पंधरा दिवसांची सहल म्हणून जायचं तर जा. करिअर म्हणून नाही.

एजंटशी करार करताना तर दहा वेळा विचार करा. दिनामो झाग्रेबचे कर्तेधर्ते झ्द्रावको मामिच यांना २०१८ मध्ये क्रोएशियाच्या न्यायालयानं खेळाडूंच्या बदलीच्या पैशांतल्या अफरातफरीबद्दल शिक्षा सुनावली. ते तोवर बोस्नियात जाऊन बसले होते. मॉड्रिचची टॉटनहॅमला झालेली बदलीही त्या खटल्यात होती, आणि त्याच्या साक्षीवरून मायदेशातच लोक त्याच्यावर चिडले. विश्वचषकाच्या तोंडावर हे लचांड त्याच्या गळ्यात होतं. कोवळ्या वयात, पैसा नसताना केलेल्या सह्या पुढे अशा उभ्या राहतात. वकिलाला दाखवल्याशिवाय कशावरही सही नको.

आणि मुलाची नोंदणी कुठल्या क्लबाकडून, कुठल्या तारखेला झाली याची प्रत स्वतःकडे ठेवा. उद्या तो विकला गेला आणि बदली परदेशात झाली तर रकमेच्या ५ टक्के वाटा त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांना मिळतो. बारा ते पंधरा या प्रत्येक वर्षाला रकमेच्या पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा. तालमीच्या दृष्टीनं ही रक्कम मोठी असू शकते, पण नोंदच नसेल तर मागणार कशाच्या जोरावर?

राहता राहिला पुढच्या चाचणीचा प्रश्न. हल्ली बऱ्याच ठिकाणी आधी व्हिडिओ मागवतात आणि पालक गाणं लावून दोन मिनिटांचे गोल-चकवे पाठवतात. मिडफिल्डरसाठी ते कुचकामी. गॅलरीच्या वरच्या पायरीवरून, कॅमेरा बॉलच्या मागे न पळवता, निम्मं मैदान दिसेल असं, एका बऱ्या संघाविरुद्धच्या सामन्यातली सलग वीस मिनिटं पाठवा. त्यात त्याच्या दोन-तीन चुका असतील तर असू द्या. जर्सीचा नंबर, जन्मतारीख, उंची आणि उजवा की डावा पाय, एवढं खाली लिहा. ज्याला मिडफिल्डर ओळखता येतो तो पहिल्या पाच मिनिटांत त्याची मान बघेल.